घटक ४ : म. वि. धुरंधर – पाहणे आणि रेखाटणे

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून देता येईल.
• ठाऊक असलेले चित्र आणि पाहून काढलेले चित्र यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• निरीक्षणाचे लेखनातील महत्त्व सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

लहानपणी तुम्ही मांजर कसे काढत होतात, ते आठवून पाहा. एक मोठे वर्तुळ, त्यावर एक लहान वर्तुळ, दोन त्रिकोणी कान, दोन्ही बाजूंना तीन-तीन मिशा आणि एक वळवलेली शेपटी. या आकृतीला कोणीही मांजरच म्हणेल. तरीही ती कोणत्याही विशिष्ट मांजराची आकृती नव्हे. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलायचे तर ते एक चिन्ह आहे. 'मांजर' या शब्दासारखेच ते संकेताने कळते.

आता खिडकीच्या कट्ट्यावर अंग चोरून बसलेले खरे मांजर काढायला घ्या. त्याचे पाय पोटाखाली दडलेले असतात, एक कान दुसऱ्यापेक्षा लहान दिसतो आणि तुम्ही पाठीची रेषा पूर्ण करण्याआधीच ते उठून जाते. अशा वेळी हात मुकाट्याने पुन्हा वर्तुळाकडे वळतो. डोळ्यांना दिसते त्याऐवजी मनाला आधीपासून ठाऊक असते तेच तो काढू लागतो. ही सवय मोडणे हा चित्रकलेच्या शिक्षणाचा फार मोठा भाग आहे. एका मराठी चित्रकाराने ते शिक्षण कसे घेतले आणि दिले, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ कोल्हापूर ते मुंबई

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. चित्रकलेची ओढ त्यांना तेथेच लागली. आबालाल रहिमान यांच्यासारख्या निष्णात चित्रकाराचे काम त्यांना त्या नगरीत पाहावयास मिळाले. १८९० च्या जानेवारीत ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षे होते. शिक्षणाचे वय निघून गेले, असे ज्यांना अधूनमधून वाटते त्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

१८५७ साली सुरू झालेल्या या शाळेचा अभ्यासक्रम इंग्लंडमधील कलाशाळांच्या धर्तीवर बेतलेला होता. प्रथम घन, शंकू यांसारख्या निर्जीव वस्तू, मग प्लास्टरचे पुतळे आणि त्यानंतर जिवंत माणूस, असा तो क्रम होता. पुतळा हलत नाही. त्यामुळे छाया कोठे संपते, भार कोणत्या पायावर आहे, हे पुन्हा पुन्हा पडताळून पाहता येते. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे मोठे काम धुरंधर येण्यापूर्वीच पार पडले होते. ग्रिफिथ्स यांचे मार्गदर्शन धुरंधरांना लाभले.

४.३.२ घर हीच चित्रशाळा

शाळेत मिळवलेली शिस्त धुरंधरांनी मराठी घराकडे वळवली, हे त्यांचे वेगळेपण होय. घरकामात गुंतलेल्या स्त्रिया हा विषय त्यांनी आरंभीच हाताळला. १८९५ साली लक्ष्मीच्या आगमनाविषयीच्या चित्रासाठी त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. नऊवारी नेसलेली स्त्री बसते, वाकते, वळते तेव्हा वस्त्राची प्रत्येक चुणी बदलते. ती चुणी पाठ करून काढता येत नाही; ती पाहावीच लागते.

प्रथम पत्नी बापूबाई यांच्या निधनानंतर धुरंधरांचा विवाह गंगूबाई यांच्याशी झाला. गंगूबाईंची रेखाटने त्यांनी पुढे वर्षानुवर्षे केली. एकाच व्यक्तीला इतका काळ पाहत राहिल्यामुळे या रेखाटनांना एका संसाराच्या दैनंदिनीचे रूप आले आहे. मांजर असो वा माणूस, जे समोरून उठून जाते ते उद्या पुन्हा येईल या विश्वासावरच असा अभ्यास चालतो.

मुंबईच्या रस्त्यावरील नाना व्यवसायांची माणसे त्यांनी पोस्टकार्डांवर रंगवली. किंकेड यांनी इंग्रजीत आणलेल्या मराठी व्रतकथांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' (१९१४) या पुस्तकासाठी आणि ऑटो रॉथफील्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) या ग्रंथासाठीही त्यांनी चित्रे काढली. छापील चित्रांचे ते युग होते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली घाटकोपर येथेच सुरू झाला होता. कलाशाळेतील रेषा सामान्य घराच्या भिंतीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग अशा छपाईने मोकळा केला.

४.३.३ शिक्षक आणि आत्मचरित्रकार

विद्यार्थी म्हणून आलेले धुरंधर त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३० साली काही काळ तिचे प्रमुखही होते. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. या प्रवासाची हकिकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' (१९४०) या आत्मचरित्रात सांगितली आहे. लेखकाने स्वतःच्या आयुष्याचे माप संस्थेच्या सहवासाने मोजले आहे, हे शीर्षकावरूनच कळते. उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य खार या उपनगरात होते. खार रोड स्थानक १९२४ साली सुरू झाले आणि त्यानंतर हे उपनगर वाढत गेले. १ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाल्या.

४.३.४ मूल्यमापन

धुरंधरांची शैली परकीय वळणाची आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. बंगालमधील नव्या चित्रकारांनी आणि पुढे आधुनिकांनी वेगळी वाट धरली, ती याच असमाधानातून. तथापि, पद्धत बाहेरून आली तरी पाहणारा डोळा येथलाच होता. ज्या स्त्रियांच्या दिनक्रमाची नोंद लेखनात क्वचितच झाली, त्यांचे उठणे-बसणे, नेसणे या रेषांमुळे आज आपल्यासमोर आहे.

४.४ सारांश

संकेतावरून काढलेले चित्र ओळखता येते. पाहून काढलेले चित्र नवे काही सांगते. धुरंधरांनी पुतळ्यांवरून मिळवलेली शिस्त जिवंत माणसांच्या रेखाटनासाठी वापरली आणि घरातील नित्याचे दृश्य अभ्यासाचा विषय केले. लेखनालाही हाच नियम लागू पडतो. तयार विशेषणे ही लेखकाची वर्तुळे असतात.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

१. धुरंधरांच्या कलाशिक्षणातील टप्पे सांगा.
२. धुरंधरांच्या शैलीवरील आक्षेपाचे परीक्षण करा.
३. उपक्रम : घराजवळच्या एखाद्या मांजराचे पाच मिनिटे निरीक्षण करा व जमेल तसे रेखाटन करा. नंतर 'सुंदर', 'गोंडस' यांसारखी विशेषणे टाळून त्याचे दहा वाक्यांत वर्णन लिहा. दुसऱ्या दिवशी हीच कृती पुन्हा करून दोन्ही वर्णनांची तुलना करा. पहिल्या दिवशी नजरेतून काय निसटले होते, ते तुमच्या लक्षात येईल.