कापरेकर मास्तर आणि एक सतरा अंकी संख्या

कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव निघाले की ६१७४ ही संख्या आठवते. परंतु मास्तरांची खरी हौस पाहायची असेल तर विद्यार्थ्यांनी वहीत ओळीने नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग करावा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई लहानपणीच वारली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवीधर झाल्यावर पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते.

वरील संख्येच्या कुळाला त्यांनी 'डेम्लो' नाव दिले. डेम्लो म्हणजे आपले डोंबिवली! त्या स्थानकावर ही कल्पना सुचली म्हणून हे नाव.

संख्येच्या अंकांची बेरीज करून तिने त्याच संख्येला निःशेष भाग जातो का, हे ते पाहत. जात असेल तर ती 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा : १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ही डेम्लोही आणि हर्षदही.

त्यांची तिसरी कसोटी अधिक अवघड. कोणतीही संख्या घ्या व तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८ होतात. २३ ही २८ ची जनक. पण २० ला असा जनक शोधूनही सापडत नाही. अशा पोरक्या संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटले. देवळालीवरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव पडले. आपली सतरा अंकी संख्या मात्र स्वयंभू नाही. १२३४५६७८९८७६५४२४० ही तिची जनक.

एवढ्यासाठी लागते काय? बेरीज, भागाकार आणि चिकाटी. म्हणूनच येथील अनेक पंडितांनी हा पोरखेळ मानला. आमच्या मते यात मास्तरांवर अन्याय झाला. खेळ सोपा असला तरी त्यातून उठणारे प्रश्न सोपे नव्हते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा परदेशातील वाचकांना देवळालीचे मास्तर ठाऊक झाले. त्या वेळी ते सत्तरीचे होते. पत्नी १९६६ मध्ये निवर्तली होती, आणि पेन्शन पुरत नसल्याने ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करीत होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

वरच्या जनक संख्येच्या अंकांचीही बेरीज ८१ च आहे. तिला ८१ ने भागून ती हर्षद आहे का, हे विद्यार्थ्यांनी घरी पाहावे; पालकांनीही सोबत बसावे.