हाराल्ड बोडे

हाराल्ड बोडे (१९ ऑक्टोबर, १९०९:हांबुर्ग, जर्मनी - १५ जानेवारी, १९८७:नॉर्थ टोनावांडा, न्यू यॉर्क, अमेरिका) हे जर्मन अभियंते आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे निर्माते होते. बाहेरून आलेल्या ध्वनीवर निरनिराळ्या विद्युत घटकांद्वारे प्रक्रिया करून त्याला नवे रूप देणाऱ्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या आद्य निर्मात्यांत त्यांची गणना होते. त्यांनी १९५९-६० मध्ये तयार केलेले यंत्र रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध मॉड्युलर सिंथेसायझरच्या आधीचे आहे. वॉर्बो फॉर्मंट ऑर्गन, मेलोडियम, मेलोकॉर्ड ही वाद्ये तसेच रिंग मॉड्युलेटर, वारंवारता-स्थलांतरक आणि व्होकोडर या उपकरणांवरील त्यांचे काम महत्त्वाचे मानले जाते.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

बोडे यांचा जन्म हांबुर्ग येथे झाला. वयाच्या १८व्या वर्षी त्यांचे आईवडिलांचे छत्र हरपले. त्यानंतर त्यांनी हांबुर्ग विद्यापीठात शिक्षण घेतले व १९३४ मध्ये ते पदवीधर झाले. निर्वात नलिकांच्या साहाय्याने स्वर निर्माण करण्याचे प्रयोग त्या काळी युरोपात अनेक ठिकाणी चालू होते. जर्मनीत फ्रीडरिश ट्राउटवाइन यांचे ट्राउटोनियम १९३० मध्येच लोकांसमोर आले होते. मात्र यांपैकी बहुतेक वाद्यांवर एका वेळी एकच स्वर वाजवता येत असे.

वॉर्बो फॉर्मंट ऑर्गन आणि मेलोडियम

१९३७ मध्ये क्रिस्टियान वार्नके यांच्या आर्थिक साहाय्याने बोडे यांनी वॉर्बो फॉर्मंट ऑर्गन हे वाद्य तयार केले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव ठेवण्यात आले होते. या वाद्यावर एका वेळी चार स्वर वाजवता येत. प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र स्वरनिर्माता न ठेवता दाबलेल्या पट्ट्यांना मोजके स्वरनिर्माते वाटून देण्याची योजना त्यात होती. पुढे अनेक स्वर एकत्र वाजवणाऱ्या सिंथेसायझरांमध्ये हेच तत्त्व रूढ झाले.

१९३८ मध्ये बोडे बर्लिनला गेले. तेथे ऑस्कर फीर्लिंग यांच्या सहकार्याने त्यांनी मेलोडियम हे एकस्वरी वाद्य बनवले. बोटाचा दाब कमीअधिक केल्यास त्याच्या स्वराची तीव्रता बदलत असे. दुसऱ्या महायुद्धामुळे हे संशोधन खंडित झाले. युद्धकाळात बोडे यांना पाणबुड्यांशी संबंधित ध्वनितंत्र आणि बिनतारी संदेशवहन या क्षेत्रांत काम करावे लागले.

मेलोकॉर्ड

युद्धानंतर बोडे दक्षिण जर्मनीतील नॉइबॉयर्न या लहान गावी राहू लागले. १९४७ मध्ये त्यांनी मेलोकॉर्ड हे वाद्य तयार केले. बॉन विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ वेर्नर मायर-एप्लर यांनी या वाद्याचे स्वर ध्वनिफितीवर नोंदवून त्यांचे थर रचण्याचे प्रयोग केले. या प्रयोगांमुळे कलोन येथील पश्चिम जर्मन नभोवाणीच्या इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओच्या स्थापनेस चालना मिळाली. या स्टुडिओसाठीही मेलोकॉर्ड बनवून घेण्यात आला.

कलोनमधील तरुण संगीतकारांचा ओढा मात्र लवकरच वेगळ्या दिशेला गेला. कार्लहाइंत्स श्टॉकहाउसेन आणि त्यांच्या समकालीनांना वाद्यातून मिळणारा तयार स्वर नको होता. शुद्ध साइन तरंग एकमेकांत मिसळून प्रत्येक ध्वनी मुळापासून घडवावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे पट्ट्यांचे वाद्य म्हणून मेलोकॉर्डचे तेथील महत्त्व कमी झाले. ध्वनी शून्यातून घडवावा की अस्तित्वात असलेल्या ध्वनीचे रूपांतर करावे, हा प्रश्न त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीतात कळीचा होता. बोडे यांचे पुढील काम प्रामुख्याने रूपांतराच्या बाजूने झाले.

अमेरिकेतील कार्य आणि मॉड्युलर यंत्र

१९५४ मध्ये बोडे अमेरिकेत स्थलांतरित झाले आणि व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथील एस्टी ऑर्गन कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक ऑर्गनांची रचना केली. १९५८ मध्ये त्यांनी बोडे इलेक्ट्रॉनिक्स कंपनी हा स्वतःचा व्यवसाय उभारला. त्याच काळात, १९५९-६० मध्ये, त्यांनी आपले मॉड्युलर यंत्र तयार केले.

या यंत्रात रिंग मॉड्युलेटर, फिल्टर, मिश्रक, विद्युतदाबाने नियंत्रित होणारे प्रवर्धक, तीव्रतेचा मागोवा घेणारे घटक, स्वराची उंची ओळखणारा घटक, वारंवारता-विभाजक आणि ध्वनिफितीच्या वेढ्यावर चालणारा पुनरावर्तक असे सुटे भाग होते. हे भाग वापरणाऱ्याला हव्या त्या क्रमाने तारांनी जोडता येत. मायक्रोफोन, वाद्य किंवा ध्वनिफीत यांवरून आलेला ध्वनी यंत्रात सोडला की तो एकेका घटकातून जाताना बदलत असे. तीव्रतेचा मागोवा घेणारा घटक आलेल्या ध्वनीच्या चढउतारांचे विद्युतदाबात रूपांतर करी. तो विद्युतदाब दुसऱ्या घटकाला पुरवला की एका ध्वनीच्या चढउतारांनुसार दुसरा ध्वनी लहानमोठा होत असे. अशा प्रकारे बाहेरचा ध्वनी प्रक्रियेचा विषय तर ठरेच, शिवाय यंत्राचे नियंत्रणही करू शके. निर्वात नलिकांऐवजी ट्रांझिस्टर वापरल्याने इतके घटक आटोपशीर जागेत मावणे शक्य झाले.

बोडे यांनी १९६० मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या संघटनेच्या अधिवेशनात हे यंत्र मांडले. डिसेंबर १९६१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स या नियतकालिकात त्याची माहिती देणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. रॉबर्ट मूग यांचे मॉड्युलर यंत्र १९६४ मध्ये लोकांसमोर आले. विद्युतदाबाने स्वराची उंची ठरवणारे दोलक हा मूग यांच्या यंत्राचा गाभा होता. त्यामुळे ते पट्ट्यांवर वाजवता येणारे स्वयंपूर्ण वाद्य बनले व लोकप्रिय झाले. बोडे यांच्या यंत्राचा भर बाहेरील ध्वनीच्या प्रक्रियेवर होता आणि त्याचे व्यापारी उत्पादन मोठ्या प्रमाणावर झाले नाही. परिणामी सामान्य वाचकांना मूग यांचे नाव परिचित झाले आणि बोडे यांचे नाव मुख्यतः तज्ज्ञांच्या वर्तुळात राहिले.

रिंग मॉड्युलेटर आणि वारंवारता-स्थलांतरक

१९६० मध्ये बोडे यांनी न्यू यॉर्क राज्यातील नॉर्थ टोनावांडा येथील वुर्लिट्झर कंपनीत नोकरी स्वीकारली. नोकरी सांभाळून त्यांनी कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रातील संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांच्याशी सहकार्य सुरू केले. ध्वनिफितीवर नोंदवलेल्या ध्वनींचे रूपांतर हा उसाचेव्हस्की यांचा आवडीचा विषय होता. या सहकार्यातून बोडे यांचे रिंग मॉड्युलेटर आणि वारंवारता-स्थलांतरक विकसित झाले.

रिंग मॉड्युलेटर दोन ध्वनींच्या वारंवारतांची बेरीज व वजाबाकी देतो. ४४० आणि १०० हर्ट्झचे शुद्ध स्वर त्यात सोडल्यास ५४० आणि ३४० हर्ट्झचे स्वर मिळतात. वारंवारता-स्थलांतरक यांपैकी बेरीज आणि वजाबाकी वेगवेगळी काढून देतो. त्यातून ध्वनीतील प्रत्येक उपस्वर ठरावीक हर्ट्झने सरकतो. १००, २०० आणि ३०० हर्ट्झचे उपस्वर ३० हर्ट्झने वर सरकवल्यास ते १३०, २३० आणि ३३० होतात. अंतरे तीच राहतात, परंतु एकास दोनास तीन हे गुणोत्तर मोडते. यामुळे ओळखीच्या वाद्याचा आवाज घंटेसारखा किंवा धातूवर आघात केल्यासारखा भासू लागतो. केवळ काही हर्ट्झचे स्थलांतर केल्यास मूळ ध्वनी आणि सरकलेला ध्वनी यांच्या मिश्रणात मंद आंदोलने ऐकू येतात. मूग यांच्या कंपनीने बोडे यांची ही उपकरणे परवान्याने तयार करून आपल्या मॉड्युलर यंत्रांच्या जोडीने विकली.

निवृत्तीनंतरचे कार्य

१९७४ मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्यावर बोडे यांनी बोडे साउंड कंपनी स्थापन केली. १९७७ मध्ये त्यांनी व्होकोडर बाजारात आणला. व्होकोडरचे मूळ तत्त्व होमर डडली यांनी १९३० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत दूरध्वनीसाठी विकसित केले होते. त्यात बोलणाऱ्याच्या आवाजाचे अनेक वारंवारता-पट्ट्यांत विभाजन होते व प्रत्येक पट्ट्यातील चढउतार दुसऱ्या ध्वनीवर लादले जातात. त्यामुळे वाद्य बोलत असल्याचा भास होतो. शब्द स्पष्ट कळावेत म्हणून स, श यांसारख्या व्यंजनांतील उच्च वारंवारता प्रक्रियेविना थेट पुढे सोडण्याची सोय बोडे यांनी केली. मूग यांच्या कंपनीचा व्होकोडर याच रचनेवर आधारित होता.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी अखंड वर चढत किंवा खाली उतरत असल्याचा भास देणारा फेझर तयार केला. केशकर्तनालयाबाहेरील फिरत्या रंगीत खांबावरून त्याला बार्बरपोल फेझर असे नाव मिळाले. १९८४ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक ध्वनिरूपांतराच्या इतिहासावर विस्तृत लेख लिहिला. या विषयाच्या अभ्यासकांसाठी तो आजही उपयुक्त आहे.

मृत्यू आणि वारसा

१५ जानेवारी, १९८७ रोजी बोडे यांचे नॉर्थ टोनावांडा येथे निधन झाले. निर्वात नलिका आणि ट्रांझिस्टर या दोन्ही युगांत त्यांनी सुमारे ५० वर्षे काम केले. आज मॉड्युलर सिंथेसायझर वापरणारे कलावंत गिटार, गायन, रेडिओ किंवा परिसरातील आवाज प्रवर्धित करून यंत्रात सोडतात व त्यातून नियंत्रक विद्युतदाब मिळवतात. या पद्धतीचे मूलभूत घटक बोडे यांच्या १९५९-६० च्या यंत्रात एकत्र आलेले होते.