वाजवता न येणारा वाद्यकार

रत्नागिरीहून पूल ओलांडून भाट्यात शिरले की उजव्या हाताला सुरूचे बन आणि त्यामागे समुद्र लागतो. पाहुण्यांना तिथला वारा सुखाचा वाटतो. इथे राहणाऱ्याला मात्र तो वारा काय काय खातो हे ठाऊक असते. खिडकीचे गज, सायकलची साखळी, शिवणयंत्राच्या सुया. आणि आमच्या घरी आणखी एक गोष्ट, माझ्या बेस गिटारच्या चार तारा.

बेस गिटार म्हणजे काय, हे पाहुणे हमखास विचारतात. साध्या गिटारला सहा तारा, हिला चार, पण करंगळीला पेलणार नाहीत इतक्या जाड. स्वर गिटारच्या एक सप्तक खाली. ऑर्केस्ट्रात ढोलकीवाल्याच्या शेजारी, उजेडाच्या जरा बाहेर जो उभा असतो, तो बेसवाला. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो थांबला तर मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते, आणि काय बिघडले हे चटकन कोणाला सांगता येत नाही.

चाळिशी उलटल्यावर मी हा नाद लावून घेतला. आठवडाभर कचेरी, रविवारी रियाज, गणपतीत आणि लग्नसराईत चार-दोन कार्यक्रम. वाजवून झाले की जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या, वाद्य उघड्यावर ठेवायचे नाही, खोबरेल तेलाचा हात त्याला लावायचा नाही. एवढे करूनही पावसाळ्यात हवेतल्या ओलीने लाकडी दांडी वाकते आणि तारा पडद्यांवर खरखरू लागतात. अशा वेळी पाना घेऊन दांडीच्या पोटातली पोलादी सळई पाव फेरा फिरवायची, रात्रभर थांबायचे, सकाळी पुन्हा पाहायचे. हे सगळे घरच्या घरी होते. कारण हे वाद्य ज्याने आखले, तो मुळात दुरुस्ती करणारा माणूस होता.

त्याचे नाव लिओ फेंडर. जगातल्या गिटारवाल्यांच्या तोंडी असलेल्या या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. तिचे सूरदेखील तो स्वतः लावत नसे.

लिओचा जन्म 10 ऑगस्ट 1909 रोजी कॅलिफोर्नियात झाला. घर संत्र्यांच्या बागायतीतले. आपल्याकडे आंबा-नारळाची जी कथा, तीच तिथे संत्र्याची. आठ वर्षांचा असताना गाठ झाल्याने त्याचा एक डोळा काढावा लागला आणि जन्मभर तिथे काचेचा डोळा राहिला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास नात्यातल्या एका गृहस्थाने त्याला मोटारीच्या विजेच्या दुकानातले टाकाऊ सुटे भाग खोके भरून पाठवले. पुढे त्याच दुकानात त्याने घरी बनवलेला, मोठ्या कर्ण्यातून वाजणारा रेडिओ ऐकला, आणि त्या आवाजाने त्याला झपाटले ते कायमचेच.

शिकला मात्र तो हिशेबनिशी. त्या काळच्या शहाण्या आईबापांना पटेल असाच मार्ग. जमाखर्च लिहिण्याच्या नोकऱ्या त्याने केल्या, 1934 साली एस्थरशी लग्न केले आणि मंदीच्या दिवसांत नोकरी गमावली. 1938 साली सहाशे डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दुकानात रेडिओ येत, ग्रामोफोन येत, हळूहळू गवयांचे बिघडलेले ॲम्प्लिफायर आणि गिटारही येऊ लागल्या. लिओ त्या उघडायचा. काय तुटते, का तुटते, आणि ते नीट करायला किती वेळ जातो, हे तो पाहायचा. माझ्या मते त्याची खरी शाळा हीच. वाद्य बनवणारे सहसा गाजलेल्या जुन्या वाद्यावरून शिकतात. हा शिकला तो मोडलेल्यांवरून.

मधल्या धडपडीची वर्षे थोडक्यात सांगतो. डॉक कॉफमन या मित्राबरोबर त्याने काही काळ भागीदारी केली. ती 1946 साली संपली आणि त्याने स्वतःचा कारखाना काढला. पोकळ पोटाची गिटार मोठ्या आवाजात घुमते आणि शिट्टी मारते, म्हणून त्याने भरीव लाकडाची फळी घेतली. गिटारची दांडी पिढ्यान् पिढ्या सरसाने चिकटवली जाई. त्याने ती चार स्क्रूंनी जोडली. जुन्या कारागिरांनी नाके मुरडली. त्याला मात्र एवढेच कळत होते, की दांडी खराब झाली तर काढून दुसरी बसवता आली पाहिजे, कारण वाजवणाऱ्याला शनिवारी रात्री कार्यक्रम असतो. सगळेच त्याला आधी कळले असेही नाही. मेपलचे लाकूड इतके कठीण आहे, की दांडीत सळईची गरज नाही, असे तो सुरुवातीला धरून चालला होता. पहिल्या काही गिटार तशाच बाहेर पडल्या, मग त्याने सळई घातली. पावसाळ्यात भाट्याला आला असता तर हे त्याला आठवडाभरात समजले असते!

मग 1951 साल उजाडले. तोवर वाद्यवृंदातला खर्ज म्हणजे डबल बेस, माणसापेक्षा उंच, उभ्याने कवटाळून वाजवायचे व्हायोलिनच्या घराण्यातले धूड. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्यांना ते मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे. एवढे करून बाकीची वाद्ये विजेवर गर्जू लागली, की त्याचा आवाज बुडून जाई. त्यावर पडदे नसतात, म्हणून बोट केसभर सरकले तरी सूर हलतो. अनेक वर्षांच्या तालमीशिवाय ते कोणाच्या हाताला लागत नाही.

लिओने या तिन्ही तक्रारींवर एकच उपाय काढला. गळ्यात पट्ट्याने अडकवता येईल एवढे, पडदे असलेले, विजेवर वाजणारे चार तारांचे वाद्य. तारेची लांबी 34 इंच धरली. आजही बहुतेक बेस गिटार हेच माप पाळतात. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून त्याला प्रिसिजन बेस असे नाव दिले. विजेवरच्या बेसचा प्रयत्न सिॲटलच्या पॉल टटमार्कने 1930 च्या दशकात केला होता, हे न्यायाने सांगायलाच हवे. परंतु तो चालला नाही, हा चालला. लायनेल हॅम्प्टनच्या नावाजलेल्या जॅझ वाद्यवृंदाने तो लवकरच रंगमंचावर आणला. पुढे डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन आपला 1962 चा फेंडर बेस तारा तुटेपर्यंत न बदलता वाजवत असे. समुद्रकाठी राहणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा फार हेवा वाटतो.

बेसचा भार साध्या ॲम्प्लिफायरला पेलेना, म्हणून लिओने त्यासाठी वेगळा बनवला. त्याचे नाव बासमन. गंमत अशी, की बेससाठी बनवलेला हा ॲम्प्लिफायर गिटारवाल्यांनीच पळवला आणि 1962 च्या सुमारास लंडनच्या जिम मार्शलने त्याच्याच विद्युत-आराखड्यावरून आपला पहिला ॲम्प्लिफायर तयार केला. खणखणीत रॉक संगीताचा आवाज असा एका अबोल हिशेबनिसाच्या टेबलावरून निघाला. स्वतः लिओला आवडायचे ते साधे ग्रामीण अमेरिकन संगीत. नवा नमुना झाला, की तो गवयांच्या हाती द्यायचा आणि ते काय कुरकुरतात ते ऐकून पुन्हा कामाला लागायचा.

1960 चे दशक लागले तेव्हा धंदा भरात होता आणि मालक आजारी. घशानाकाचा एक जुनाट संसर्ग काही केल्या हटेना. आपण फार दिवस काढत नाही, असे त्याच्या मनाने घेतले. मागे कामगारांचे काय होईल, कारखाना कोण पाहील, या विवंचनेत त्याने विकण्याचा निर्णय केला. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरला कारखाना घेतला. कारखान्याबरोबर फेंडर हे नावही गेले.

आणि मग डॉक्टर बदलला, औषध लागू पडले, लिओ बरा झाला!

माणूस पंचावन्न-छप्पन वर्षांचा, प्रकृती ठणठणीत, खिशात अमाप पैसा, आणि आपल्याच आडनावाच्या गिटारवर आपला हक्क नाही. करारामुळे दहा वर्षे स्पर्धेत उतरायचेही नाही. नव्या मालकांनी खर्चाला कात्री लावली, मालाची प्रत घसरली आणि वाजवणारे जुन्या, लिओच्या वेळच्या फेंडर शोधू लागले. 1985 साली सीबीएसने हा व्यवसाय कंपनीतल्याच मंडळींच्या एका गटाला सव्वा कोटी डॉलरला विकला, म्हणजे वीस वर्षांनी, घेतल्यापेक्षाही कमी किमतीला.

दुसरा कोणी असता तर नौकानयनात रमला असता. लिओला नावेचा शौक होताही. पण मुदत सरताच 1975 मध्ये तो म्युझिक मॅन या कंपनीचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी तिथून त्याचा स्टिंगरे बेस आला, तोही गाजला. एस्थर 1979 साली गेली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर त्याने जी अँड एल ही तिसरी कंपनी काढली आणि 1980 साली फिलिसशी दुसरे लग्न केले. कंपवाताने हात थरथरू लागले तरी रोज कामावर जाणे चुकले नाही. 21 मार्च 1991 रोजी तो वारला. आदल्या दिवशीही तो आपल्या खोलीत कामाला बसला होता.

यंदा मृगाच्या आधी मी पहिल्यांदाच माझ्या बेसचे ते चार स्क्रू उघडले. माझे वाद्य फेंडरचे नव्हे, त्याच्या नमुन्यावर बेतलेले स्वस्तातले. दांडी सुटी होऊन हातात आली. खाचेतला ओलसर भुसा झटकला, स्क्रूंवरचा गंज काढला, दांडी परत बसवून स्क्रू आवळले. अर्धा तास लागला. मग तारा चढवल्या आणि सूर लावायला बॅटरीवरचे छोटे यंत्र खुंट्यांजवळ चिमट्याने अडकवले. माझा कान अजून तितका तयार नाही.