कै. जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा

दिग्रसच्या अंकांत माझगांवच्या गृहस्थाचें चरित्र कशासाठीं, असें कोणी विचारील. 1916 सालीं लोकमान्य टिळकांनीं जी होमरूल लीग उभारली, तिच्या कार्यक्षेत्रांत महाराष्ट्र व कर्नाटक यांजबरोबर मध्यप्रांत आणि वऱ्हाडही होते; अर्थात् आपला यवतमाळ जिल्हा त्यांत आलाच. त्या लीगचे पहिले अध्यक्ष स्वतः लोकमान्य नव्हते, तर एक मराठी कॅथॉलिक बॅरिस्टर होते. ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांच्या कानांवरही आलेली नसते.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म 17 मार्च 1864 रोजीं मुंबईंत माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. घराणें मूळचें भाईंदरनजीकच्या उत्तन गांवचें. साष्टी-वसईकडील ह्या मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिक समाजानें 1887 सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून आपण सरकारची चाकरी करीत आलों, ह्याची सरकारास आठवण रहावी, हा त्यांतला हेतु होता. त्या हेतूस हंसण्याचें कारण नाहीं. गरीब समाजास नोकरी म्हणजे चूल पेटणें. परंतु अशा समाजांत जन्मलेल्या मुलानें पुढें कोणती वाट धरली, हें समजण्यास एवढें ध्यानीं असावें.

जोसेफ पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकले आणि जंगलखात्यांत नोकरीस लागले. पुढें ती सुरक्षित नोकरी सोडून त्यांनीं विलायत गांठली, केंब्रिजला अध्ययन केलें व बॅरिस्टरी संपादन केली. आयर्लंडचा स्वराज्याचा लढा तेव्हां तेथें चर्चेचा विषय होता. आयरिश लोक कॅथॉलिक, आणि तरीही इंग्रज सरकाराशीं झगडणारे! धर्मनिष्ठा आणि राजनिष्ठा ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें ह्या तरुणास तेथें प्रत्यक्ष दिसलें असावें, असें आम्हांस वाटतें.

स्वदेशीं परतल्यावर टिळकांशीं त्यांचा स्नेह जडला. ख्रिस्ती मनुष्य सरकारच्याच पक्षाचा, असें सरकार गृहीत धरी, आणि शेजारचे हिंदु बांधवही कित्येक वेळां तसेंच धरीत. अशा दिवसांत राजद्रोहाचा आरोप असलेल्या पुढाऱ्याचा कायद्याचा सल्लागार होणें ही लहान गोष्ट नव्हे. 1908 सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. पण त्यामुळें स्नेहांत अंतर पडलें नाहीं. टिळक सुटून आल्यावर एप्रिल 1916 मध्यें बेळगांवीं लीग स्थापन झाली. अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आलें आणि चिटणिसाचें काम नरसिंह चिंतामण केळकरांकडे. सनातनी ब्राह्मण पुढारी आणि कॅथॉलिक बॅरिस्टर, एकानें दुसऱ्यास धर्म सोडावयास सांगितलें नाहीं व दोघांचेंही काम अडलें नाहीं. स्वराज्याविषयींचें टिळकांचें सुप्रसिद्ध वाक्य मूळ बॅप्टिस्टांचें होतें असें कित्येक सांगतात. तें खरें असो वा नसो, काकांचें मोठेपण त्यावर अवलंबून नाहीं.

लोक त्यांस काका म्हणत, आणि हें नांव त्यांनीं मुख्यतः गरिबांत मिळविलें. टिळक 1920 च्या ऑगस्टांत वारले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईंत अखिल भारतीय कामगार काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष आणि काका संस्थापकांपैकीं एक. असहकाराचा मार्ग मात्र त्यांस पटला नाहीं, व तसें बोलून दाखविण्यास ते कचरले नाहींत. त्यांचा मार्ग बरोबर कीं चूक, ह्याविषयीं मतभेद होईल. लोकप्रियतेसाठीं त्यांनीं मत बदललें नाहीं, एवढें खरें.

मुंबईच्या नगरकारभारांत त्यांचीं पुष्कळ वर्षें गेलीं. 1925 सालीं ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर ही पदवी 1931 पासून सुरू झाली, तेव्हां काकांनीं तें पद भूषविलें तें जुन्याच नांवानें. स्वतःच्या ईस्ट इंडियन समाजाचें पुढारीपणही त्यांनीं केलें. ज्या समाजाची नजर सरकारी चाकरीकडे, त्याच समाजानें सरकारविरोधी बॅरिस्टरास आपला मानला, ही गोष्ट दोघांसही भूषणावह आहे.

18 सप्टेंबर 1930 रोजीं त्यांचें देहावसान झालें. शिवडीच्या कबरस्तानांत ते विसांवा घेत आहेत. माझगांवच्या भंडारवाडा टेकडीवर पाण्याचा मोठा जलाशय आहे. त्याच्यावरील बागेस त्यांचेंच नांव दिलेलें आहे.