राजा सर टी. माधवराव आणि अधिकाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न

तंजावरच्या मराठी राज्याच्या आश्रयास आपल्या देशस्थ ज्ञातीतील जी घराणी दक्षिणेत गेली व तेथेच कायमची रुजली, त्यांपैकी एका घराण्यात माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथे झाला. त्यांचे वडील रंगराव व चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोर संस्थानाचे दिवाण होते. मद्रासच्या सरकारी विद्यालयात पॉवेल नामक विद्वान गुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. गणितात त्यांची विशेष गती होती. पुढे १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. म्हणजे या थोर मुत्सद्द्याच्या संस्थानी कारकिर्दीचा आरंभ मास्तरकीनेच झाला, हे ह्या लेखकास सांगितल्यावाचून राहवत नाही!

वयाच्या तिशीच्या आतच, १८५७ साली, दिवाणपदाचा भार त्यांजवर पडला. त्या वेळी संस्थानाची स्थिती शोचनीय होती. खजिना रिता, नोकरांचे पगार थकलेले, आणि कारभार न सुधारल्यास राज्य खालसा होण्याचे भय. अशा प्रसंगी सामान्य कारभारी प्रथम नोकरांच्या पगारास कात्री लावतो. माधवरावांनी मिरीचा मक्ता १८६० साली उठविला, तंबाखूचाही मक्ता पुढे काढून टाकला, व्यापार मोकळा केला, जाचक कर कमी केले. आणि उत्पन्न वाढताच सरकारी नोकरांचे वेतन वाढविले. ह्यामागे त्यांचा विचार असा होता की, ज्याच्या हाती लाखोंचा वसूल व शेकडो रयतेचा न्याय आहे, त्यास पोटापुरतेही न देता त्याजकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे म्हणजे रयतेच्या खिशास हात घालण्याची त्यास मूक परवानगी देणे होय. त्रिवेंद्रमची भव्य हुजूर कचेरी त्यांच्याच काळात, १८६९ साली, पूर्ण झाली. इंग्लंडातील अर्थशास्त्रज्ञ फॉसेट यांनी त्यांची तुलना फ्रान्सच्या तुर्गोशी केली, ती याच कारभारामुळे.

१८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडले. मध्यंतरी दोन वर्षे इंदुरास तुकोजीराव होळकरांकडे दिवाणगिरी केली. पण त्यांची खरी परीक्षा बडोद्यास व्हावयाची होती.

१८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांस दत्तक घेतले, व अल्पवयी सयाजीराव महाराजांच्या राज्याचा भार माधवरावांकडे आला. तेथे अधिकारपद मिळावयाचे ते नजराणा भरून. ज्याने पदासाठी रोकड मोजली, तो ती व्याजासह रयतेकडून वसूल करणारच. आणि उद्या दुसरा कोणी अधिक नजराणा घेऊन आला तर आपली जागा जाईल, ह्या धास्तीने वसुलीची घाई करणार. वेतन नावापुरते, मिळकत मात्र वरची, असा तो प्रकार. महसूलही इजाऱ्याने दिला जाई. ह्या कारभारावर १८७३ च्या चौकशी मंडळाने कडक ताशेरे ओढले होते.

माधवरावांनी हे चक्र मुळाशीच तोडले. नजराणा बंद केला. राज्याचे विभाग पाडून त्यांवर सुभे नेमले, सर्व महसुलावर सरसुभा म्हणून काझी शहाबुद्दीन यांच्यासारखा अनुभवी गृहस्थ बसविला, वरिष्ठ न्यायालय स्थापिले, आणि खातेप्रमुखांस त्यांच्या जबाबदारीस साजेल असे ठराविक वेतन खजिन्यातून देऊ केले. वेतन ठरविताना विचार एकच : ह्या योग्यतेचा मनुष्य इंग्रजी मुलखातील नोकरी सोडून येथे येईल काय, आणि आल्यावर ताठ मानेने राहू शकेल काय? मद्रास व मुंबई इलाख्यांतून अनेक अधिकारी आले ते ह्यामुळेच.

ह्यावरून बडोद्यात कुरकुर झालीच. बाहेरची माणसे आणून स्थानिकांस डावलले, ही तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ज्यांची वंशपरंपरेची भाकर तुटली त्यांचे दुःखही खोटे नव्हते. परंतु वेतनाचा आकडा उघड दिसतो, लाचेचा दिसत नाही. जुन्या पद्धतीत स्वस्त वाटणारा सुभेदार रयतेस किती महाग पडे, ह्याचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता.

हाच न्याय त्यांनी राजासही लाविला. १८८१ मध्ये तरुण सयाजीरावांस त्यांनी राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, त्यांत राजवाड्याच्या खर्चासही मर्यादा असावी, हे निर्भीडपणे सांगितले आहे. दिवाणाने धन्यास असे सांगणे सोपे नसते. १८८१ च्या डिसेंबरात महाराजांनी अधिकारसूत्रे हाती घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी माधवराव बडोद्यातून निवृत्त झाले.

उत्तरायुष्य त्यांनी मद्रासला मैलापुरात लेखनवाचनात घालविले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे देहावसान झाले. तिरुअनंतपुरमच्या त्याच हुजूर कचेरीसमोर, जी आता केरळ राज्याचे सचिवालय आहे, त्यांचा पुतळा उभा असून त्या चौकास लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात.