तीस पुड्यांचा संसार

मातोश्री रमाबाईंची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. दरवर्षी २७ मे रोजी आपण त्यांना वंदन करतो आणि त्यांच्या त्यागाविषयी भाषणे ऐकतो. परंतु ही माऊली महिन्याचा पैसा कसा पुरवीत असे, हे आपण क्वचितच विचारतो. ज्यांची मजुरी आज आहे तर उद्या नाही, त्यांनी तर हे अवश्य समजून घेतले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आई आणि वडील दोघेही लवकर गेले आणि भावंडे मुंबईला नातेवाइकांच्या आश्रयाला आली. भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचे भीमरावांशी लग्न लागले. तेव्हा त्यांचे बालपणही सरले नव्हते. रोज मिळवावे आणि रोज खावे, ही रीत त्यांनी माहेरीच पाहिली होती. पैशाची किंमत त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

१९१३ मध्ये सुभेदार रामजी वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची. त्यातूनच पोटाला चिमटा घेऊन ते घरी पैसे धाडीत. इकडे परळच्या चाळीतील दोन खोल्यांत रमाबाईंनी घर सांभाळले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. गिरणी कामगाराच्या मानाने ही रक्कम कितीतरी मोठी होती. पण दिवस कसे होते, तेही पाहा. महायुद्धाने धान्य आणि कापड महागले होते. इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबईत घरेच्या घरे रिकामी केली होती. जानेवारी १९१९ मध्ये महागाईने गांजलेले गिरणी कामगार संपावर गेले होते. अशा वेळी एवढा पगार घरात आला, तर कोणालाही वाटेल, आता चांगली जागा घ्यावी, अंगावर चार दागिने घालावे. रमाबाईंचे बिऱ्हाड मात्र त्याच दोन खोल्यांत राहिले. लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे, हा या बचतीचा हेतू ठरलेला होता. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा गाठीला ही शिल्लक होती. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज तिला जोडले गेले. पहिली वीट मात्र घरच्या काटकसरीची होती.

त्या घरातील हिशेबाची एक गोष्ट आपल्यात सांगितली जाते. महिन्याच्या खर्चाचे पैसे हाती आले की रमाबाई त्यांच्या तीस पुड्या बांधीत आणि रोज एकच पुडी सोडीत. आजची पुडी संपली तर उद्याच्या पुडीला हात लावावयाचा नाही. वहीत लिहिता आले नाही तरी हिशेब ठेवता येतो, हे या पुड्या शिकवितात. पुढे बाबासाहेबांनी त्यांना थोडेफार लिहा-वाचावयास शिकविले. पण हिशेबाची अक्कल त्याआधीचीच होती. पती लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते, तेव्हा पत्नी परळला एकेका पैशाचा प्रश्न सोडवीत होती.

धारवाडच्या वसतिगृहाची आठवणही अशीच सांगतात. मुले उपाशी आहेत असे कळताच त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या काढून दिल्या. जी बाई स्वतःसाठी पुडी फोडीत नव्हती, तिने परक्या लेकरांसाठी सोने सोडले. कंजूष माणूस आणि काटकसरी माणूस यांत हाच फरक असतो.

आता एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. या काटकसरीची किंमत रमाबाईंच्या देहाने मोजली. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ मध्ये राजरत्न, अशी चार लेकरे गेली. यशवंतराव तेवढे राहिले. प्रकृती खालावत गेली. दादरला राजगृह उभे राहिले, पण तेथील सुख त्यांना फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. येवल्याची घोषणा त्यानंतर साडेचार महिन्यांनी झाली. १९४० मध्ये निघालेला पाकिस्तानवरील ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला आणि विवंचनेच्या दिवसांत तिने दिलेल्या साथीची नोंद केली.

तेव्हा भगिनींनो, रमाईचे अनुकरण करताना त्यांची उपासमार उचलू नका, त्यांची पुडी उचला. आपल्या घरांत पैसा कमी पडला की पहिली कात्री आईच्या ताटाला लागते. ही रीत मोडा. बंधूंनो, हे काम तुमचे आहे. घरातील बाईचे जेवण आणि औषध यांची पुडी सर्वांत आधी बांधा.

भगवान बुद्धांनी राजगृह नगरीजवळ सिगाल या गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले होते. एक भाग निर्वाहासाठी, दोन भाग उद्योगधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी. आपल्या मजुरीत दोन भाग धंद्याला निघणार नाहीत, हे खरे. पण चौथ्या भागाची सुरुवात दहा रुपयांनीही होते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, श्राद्ध आणि पिंडदान सोडले, दारू सोडण्याचे वचन दिले. मग तो वाचलेला पैसा गेला कोठे? तो लग्नाच्या मांडवात आणि सावकाराच्या व्याजात जात असेल, तर प्रतिज्ञा अर्धीच पाळली गेली.

या महिन्यापासून एक पुडी वेगळी बांधा. ती पोस्टात ठेवा, बँकेत ठेवा, नाही तर बचत गटात. तिच्यावर हेतू लिहा: मुलीची फी, आईचे औषध, बेकारीचा महिना. हेतू लिहिलेली पुडी सहसा कोणी फोडीत नाही.