गंज थांबला, पण जहाज मंदावले

घरातला गीझर काही वर्षांनी उघडला, की मेकॅनिक आतून एक झिजून खडबडीत झालेली कांडी बाहेर काढतो आणि ही बदलावी लागेल, असे सांगतो. ही कांडी पाणी तापवत नाही. टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजायचे, एवढेच तिचे काम. ती बहुधा मॅग्नेशियमची असते. गंमत अशी, की मॅग्नेशियम हा धातू ज्या माणसाने 1808मध्ये पहिल्यांदा वेगळा करून दाखवला, त्यानेच एक धातू वाचवण्यासाठी दुसरा खर्ची घालण्याची युक्तीही पुढे शोधून काढली. त्यांचे नाव हम्फ्री डेव्ही. ही युक्ती आज वीजकेंद्रांपासून बंदरांपर्यंत सगळीकडे वापरात आहे. डेव्हींच्या वाट्याला मात्र तिच्यामुळे हसे आले.

डेव्हींचा जन्म 17 डिसेंबर 1778 रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स या बंदराच्या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते लवकर गेले आणि मुलाला एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. विसाव्या वर्षाच्या आसपास डेव्ही ब्रिस्टलला वायूंनी रोग बरे करू पाहणाऱ्या एका संस्थेत गेले आणि तिथे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, स्वतःच हुंगून पाहू लागले. या वायूने वेदना कमी होतात, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होईल, हे त्यांनी 1800 साली लिहून ठेवले होते. वैद्यकाने त्याकडे लक्ष द्यायला आणखी चार दशके घेतली. 1801मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. त्यांच्या व्याख्यानांना तिथे झुंबड उडे. 1807मध्ये विद्युतघटाच्या जोरावर त्यांनी पोटॅशियम आणि सोडियम मिळवले आणि पुढच्याच वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम व मॅग्नेशियम. 1815मध्ये त्यांनी कोळसा खाणींसाठी सुरक्षा दीप तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. 1820मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. सुताराच्या तोडीच्या कारागिराचा मुलगा आता सर हम्फ्री होता, आणि हे बऱ्याच जणांना खुपतही होते.

1823मध्ये ब्रिटिश नौदलाने रॉयल सोसायटीपुढे एक अडचण मांडली. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्यामुळे आत शिरत नसत आणि तळावर शेवाळ व शिंपल्यांचा थरही चढत नसे. पण खाऱ्या पाण्यात पत्रे भराभर झिजत आणि पुन्हा पुन्हा बदलण्याचा खर्च प्रचंड होता. तांबेच अशुद्ध असणार, असा बहुतेकांचा समज होता.

तांबे आणि समुद्र यांची एक जुनी गोष्ट नौदलाला ठाऊक होती. 1761मध्ये ‘अलार्म’ या जहाजाला प्रथम असे पत्रे लावले, तेव्हा खिळे लोखंडाचे होते. दोन-एक वर्षांनी पाहिले, तर बरेच खिळे खाऊन गेलेले. जिथे पत्र्याच्या बांधणीचा तपकिरी कागद चुकून खिळ्याखाली राहून गेला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले, की त्यांचा एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यातला जास्त क्रियाशील धातू विरघळतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. त्या वेळी विद्युतघटच माहीत नसल्याने कोणाला हे उलगडले नव्हते, लोखंडाला तांब्यापासून दूर ठेवायचे एवढाच धडा घेतला गेला.

डेव्हींनी तोच अपघात उलटा वळवला. लोखंड तांब्यापायी झिजत असेल, तर ते मुद्दाम झिजू द्यावे. आधी त्यांनी तांबे शुद्ध असले तरी झिजते, हे दाखवले. पाण्यात विरघळलेली हवा काढून टाकली, की झीज थांबते, हेही त्यांच्या लक्षात आले. आज वीजकेंद्रात बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्यातून प्राणवायू कसोशीने काढून टाकतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. मग वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लोखंडी चुकेचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे वाचवते, असे त्यांना आढळले. जानेवारी 1824मध्ये त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे वाचले. त्यांचा पूर्वीचा मदतनीस मायकेल फॅरडे त्याच महिन्यात सोसायटीचा सदस्य निवडला गेला होता, आणि अध्यक्ष डेव्हींचा त्या निवडीला विरोध होता. तरीही या प्रयोगांचे पुष्कळसे काम फॅरडेनेच केले.

पोर्ट्समथच्या बंदरात भरती-ओहोटीच्या पाण्यात कित्येक आठवडे पत्रे बुडवून ठेवण्यात आले. संरक्षक धातूचे क्षेत्रफळ तांब्याच्या 1/40 ते 1/150 असेल, तर तांबे मुळीच झिजत नव्हते. 1/1000 एवढे बीडही थोडीफार झीज वाचवत होते. डेव्हींचा उत्साह एवढा, की समुद्राचे पाणी वापरणाऱ्या बाष्पनौकांच्या लोखंडी बॉयलरमध्येही जस्ताचा किंवा कथलाचा तुकडा ठेवावा, म्हणजे पत्रा झिजून स्फोट होण्याचा धोका टळेल, असे त्यांनी सुचवले. त्या उन्हाळ्यात ‘कॉमेट’ या बाष्पनौकेवरून ते नॉर्वेपर्यंत जाऊन आले. वेगात चालणाऱ्या जहाजावरही संरक्षण टिकते का, हे त्यांना पाहायचे होते.

पहिली खरी परीक्षा ‘समारंग’ या युद्धनौकेची झाली. तिला तांब्याचे पत्रे भारतातच लावलेले होते. तिच्या तळाला बीडाचे ठोकळे बसवण्यात आले आणि ती अटलांटिकपार नोव्हा स्कॉशियाला जाऊन आली. तांबे शाबूत होते. नौदलाने आणखी जहाजांना ठोकळे बसवले.

आणि मग एकेक जहाज तळाला शेवाळ आणि बार्नेकल, म्हणजे खडकांना चिकटून बसतात तसे कवचाचे जीव, यांचा जाड थर घेऊन परत येऊ लागले. असा तळ पाणी कापत नाही. जहाज मंदावते आणि युद्धनौकेला ते परवडत नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. तांबे किंचित विरघळत होते म्हणूनच त्याचे विष चिकटू पाहणाऱ्या जीवांना रोखत होते. गंज थांबला, तसे विषही थांबले. शिवाय संरक्षित पत्र्यालगतचे पाणी अल्कधर्मी होते आणि त्यावर चुना व मॅग्नेशियमचा पांढरा थर बसतो. बार्नेकलना बसायला ती आयती बैठकच. हा थर डेव्हींनी प्रयोगात पाहिला होता. संरक्षण थोडे कमी ठेवले, तर झीजही बेताची राहील आणि तळही स्वच्छ राहील, असा त्यांचा अंदाज होता. पण शांत बंदरातले प्रमाण चालत्या जहाजाला लागू पडेना. इतक्या मोठ्या प्रमाणावर राबवण्याआधी दोन-तीन जहाजे वर्षभर फिरवून पाहायला हवी होती. घाई झाली आणि ती डेव्हींचीही होती.

वृत्तपत्रांनी त्यांना धारेवर धरले. 1825मध्ये समुद्रावर जाणाऱ्या जहाजांचे ठोकळे काढण्याचा हुकूम निघाला. डेव्हींना हे फार लागले. 1826च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि उरलेला काळ युरोपात, नद्यांकाठी गळ टाकत, लिहीत काढला. 29 मे 1829 रोजी जिनिव्हात ते वारले. वय अवघे पन्नास.

तीनच वर्षांनी, 1832मध्ये, जॉर्ज मुंट्झ यांनी तांबे-जस्ताच्या एका मिश्रधातूचे पेटंट घेतले. तो तांब्यापेक्षा स्वस्त होता, आणि तळ स्वच्छ राहील इतपतच झिजे. डेव्हींना हवा असलेला मध्य बाजाराला असा सापडला. जहाजे लोखंडाची झाली तेव्हा जस्ताचे ठोकळे पुन्हा आले, कारण आता जीवांना रोखण्याचे काम वेगळ्या रंगावर सोपवता येत होते.

ट्रॉम्बे आणि तारापूरच्या वीजकेंद्रांत टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड केली जाते. अशा कंडेन्सरमधली एखादी नळी फुटली, तर खारे पाणी बॉयलरच्या अतिशुद्ध पाण्यात शिरते, म्हणून नळ्यांचे क्षरण ही तिथल्या रसायनतज्ज्ञांची रोजची काळजी. तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या झिजतात, पण जीवांना थोडेफार दूर ठेवतात. टायटॅनियमच्या नळ्या जवळपास झिजतच नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर जीव खुशाल वाढतात आणि पाण्यात क्लोरीन सोडावा लागतो. शेजारच्या दुसऱ्या धातूला वाचवण्यासाठी जोराचे विद्युतसंरक्षण दिले, तर टायटॅनियम हायड्रोजन शोषून ठिसूळ होते. तेव्हा संरक्षण किती द्यायचे, हे मोजून ठरवावे लागते. पोर्ट्समथच्या बंदरात डेव्ही हेच मोजत बसले होते.